बुडातून पाणी आलं म्हणजे झाडाला मिळालं असं नाही

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की गच्चीवरच्या कुंड्यांचे हाल विचारूच नका, सकाळी पोटभर पाणी दिलेलं असतं आणि दुपारी तीनला पानं लोंबलेली. मग माणूस अजून एक बादली ओततो, बुडातून भळाभळा पाणी येतं, वाटतं झालं काम.

पण मातीत बोट घालून बघा भो. आपल्याकडची काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली. मधला गोळा कोरडा ठणठणीत. कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचं, तर विचित्रच, एकदा पूर्ण वाळलं की पाणी पटकन आत घेत नाही, वरच साचून राहतं. अशी कुंडी सरळ पाणी भरलेल्या घमेल्यात बसवायची, खालून ओढू द्यायचं, वरची माती ओली दिसायला लागली की काढून निथळायला ठेवायची. रात्रभर तशीच बुडवून ठेवली तर मुळं कुजतील.

रोपांच्या ट्रेला तर मी खालूनच पाणी देते. वांग्याची रोपं फार नाजूक, आपल्या भरताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून काही रोप टणक होत नाही! वरून झारी मारत राहिलं की मातीचा वरचा थर सतत ओला राहतो, मग देठ मातीलगत बारीक होतो आणि रोप आडवं पडतं, तीच ती मर. शिवाय ट्रेच्या कडेची घरं आधी वाळतात, मधली ओलीच असतात, सगळ्यांना सारखी झारी मारली म्हणजे सगळ्यांना सारखं पाणी मिळालं असं होत नाही ना. ट्रे अधूनमधून फिरवायचा, कडेला हाताने थोडं जास्त द्यायचं.

हेच कुंड्यांचं. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, म्हणून तर माठातलं पाणी गार राहतं, ती प्लास्टिकच्या आधी वाळणारच. त्यामुळे प्रत्येकीला एकेक तांब्या हा हिशोब मला पटत नाही. कुंडी जरा उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी.

लग्नसराईत गावाला जायचं असलं तर बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच ठेवून त्यातून जाड सुती दोरी मातीत खोचून मी जाते, दोरी आधी भिजवून घ्यायची आणि नायलॉनची अजिबात नको. नाहीतर ठिबक आहेच, जळगावात राहून नळीचा तुकडा मिळत नाही असं थोडंच आहे? ताशी चार लिटरचा ड्रीपर, म्हणजे नळीवरचं थेंब सोडणारं तोंड, अर्धा तास चालला की दोन लिटर पाणी गेलं. फक्त बोरचं पाणी असेल तर क्षाराने तोंड बुजतं, मध्येच एखादी कुंडी उपाशी राहते आणि आपल्याला वाटतं नळ चालू आहे.