सातचा सा सव्वासातला

मंडळी, आमच्या वजनांवर चालणाऱ्या उभ्या घड्याळाचं दुखणं सापडलं एकदाचं! अकरा दिवस गेले, दोनदा यंत्राच्या प्लेटा उघडल्या, आणि निघालं काय तर माझाच अतिशहाणपणा.

मागच्या वेळी लिहिलं होतं की साफसफाई झाली, चाइमच्या (दर पाव तासाला वाजणाऱ्या सुरावटीच्या) बाजूचं एक बुश, म्हणजे आसाचं टोक ज्यात फिरतं ते कडं, बदललं, आता फक्त जोडायचं आणि वाजवायचं. 'फक्त' हा शब्द मी यापुढे वापरणार नाही. जोडलं, केबली नीट गुंडाळल्या, वजनं लावली. तिथेही गंमत केलीच, सगळ्यात जड वजन उजवीकडे चाइमला लागतं हे गेली चार वर्षं मीच लोकांना सांगतोय आणि लावलं डावीकडे टोल्यांच्या बाजूला, मग अर्धा तास चाइम एवढं रेंगाळतंय का म्हणून डोकं खाजवत बसलो. बीट मात्र पहिल्या झटक्यात जमली. आमच्या जुन्या घराची शहाबादी फरशी एका बाजूला उतरती आहे, तिथे पायाखाली दुमडलेलं पोस्टकार्ड सारलं आणि टिक-टॉक एकदम समसमान!

मग ड्रम, म्हणजे पिनांनी हातोड्या उचलणारा नळकांडा, सेट केला, नेहमीच्या पद्धतीने. सव्वाचं चाइम वाजून लॉक होऊ द्यायचं, ड्रम फिरवणाऱ्या मागच्या चाकाचे ग्रब स्क्रू (चाक शाफ्टला धरून ठेवणारे, बिनडोक्याचे) ढिले करायचे, ड्रम हाताने फिरवत चारही हातोड्या ओळीने पडतील ती ओळ शोधायची आणि शेवटची हातोडी पडली की तिथेच घट्ट करायचं. लॉक झाल्यावर प्रत्येक हातोडीला बोट लावून बघायचं, चारही मोकळ्या हलल्या पाहिजेत, एकही पिनवर चढलेली नको. सगळं केलं, दुपारी दोनला पूर्ण वाजलं, मी चहा टाकला.

संध्याकाळी सातला चाइम वाजलं पण शेवटाला काहीतरी कमी वाटलं, टोले मात्र बरोबर सात. आणि सव्वासातला आई आतून म्हणाली, "अरे, हा सा मागच्या तासाचा आहे."

आईने तीस वर्षं हार्मोनियम शिकवली. ह्या चाइमची सुरावट वेस्टमिन्स्टर, पण तिला ते म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण आठवडाभर ऐकून तिने सरगम लिहून काढली होती. सव्वाला ग रे सा प, प मंद्रातला. साडेला सा ग रे प, सा रे ग सा. पाऊणला ग सा रे प, प रे ग सा आणि परत ती सव्वाची ओळ. तासाला उरलेल्या चार, शेवट प रे ग सा. म्हणजे ओळी पाचच, तासात दहा वेळा येतात, म्हणून ड्रम तासाला दोन फेऱ्या मारतो. १७९३ मध्ये केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चसाठी ही सुरावट बसवली, १८५९ पासून लंडनला बिग बेनच्या घड्याळात वाजतेय, असं मी आईला सांगितलं तर ती म्हणे, चारच सुरांत पलटे केलेत, हुशार माणूस.

तर सव्वासातला वाजलं सा ग रे सा. आधीच्या तासाचा सा हातोडीवर अडकून राहिलेला, तो पंधरा मिनिटांनी सुटला, आणि आता प अडकला. साडेसातला तो प आधी पडणार आणि मग पुढचं. हातोडी अर्धी उचललेली असताना लॉक झालं की पुढच्या वेळी ट्रेनला (चाइमच्या चाकांच्या साखळीला) सुरुवातीलाच ते ओझं ढकलावं लागतं, त्यामुळे रात्री नऊला तर चाइम सुरूच झालं नाही. परत सेट केलं. सकाळी ठीक, संध्याकाळी परत तेच.

इथे मी चुकलो. मला वाटलं ऑटो-करेक्शन, म्हणजे चाइम चुकलं तर आपोआप काट्यांशी जुळवून घेणारी सोय, गंडलंय. पाऊणनंतर जे जास्तीचं लॉक लागतं आणि फक्त तासाच्या उंच लोबनेच (काट्यांबरोबर फिरणाऱ्या कॅमच्या उंचवट्यानेच) सुटतं, ते नीट पकडत नसेल, म्हणून प्लेटा उघडल्या. काही नाही. मग वॉर्निंगवर (वाजण्याच्या जरा आधी चाकं थोडी सुटून थांबतात त्यावर) संशय, वॉर्निंगची पिन अर्धा फेरा धावायला हवी ती कमी धावत असेल म्हणून परत उघडल्या, चाक दोन दात सरकवलं, आणि चौथ्या पिव्हटला (आसाच्या टोकाला) वरच्या प्लेटमध्ये बसवताना जे काही तोंडातून निघालं ते इथे लिहिता येणार नाही. तरी फरक शून्य! मग रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं की ऑटो-करेक्शनचा आणि ह्या भानगडीचा संबंधच नाही. ते लॉकिंग प्लेटला, म्हणजे किती वाजून थांबायचं ते ठरवणाऱ्या खाचांच्या चकतीला, काट्यांशी जुळवतं. ड्रमला लॉकिंग प्लेटशी जुळवून धरणारं मागे काहीच नाही, ते दोन ग्रब स्क्रू सोडून. माझे पाव, साडे, पाऊण अगदी बरोबर होते, चुकत होते ते सूर.

त्यावेळी पाऊस असा की नाशिकला गोदेला पूर, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी, बाहेर जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून घरात होतं ते वापरलं. मुलीचा परमनंट मार्कर घेतला आणि चाकाच्या हबवरून शाफ्टवर एक सरळ रेघ मारली. सहा तासांनी बघितलं तर रेघ तुटलेली! हबवरची पुढे, शाफ्टवरची मागे, फरक नखाच्या जाडीएवढा. चाक घसरत होतं.

का घसरत होतं? तर जोडताना पावसाळा आहे, गंज नको म्हणून मी प्रत्येक शाफ्टवरून तेलाचं बोट फिरवलं होतं. प्रत्येक. जिथे पकड हवी तिथेसुद्धा. (तेल फक्त पिव्हटला, हे मीच लिहिलंय याआधी, कोणी शोधून टाकू नका.) आणि एका स्क्रूचं टोक झिजून गुळगुळीत झालेलं, त्याची खाच आधीच कोणीतरी फाटकी केलेली. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त स्क्रूड्रायव्हर सेटने मी ती आणखी फाटकी केली. तो सेट घेऊ नका. पात्याची रुंदी खाचेएवढी नसेल तर एका पिळात स्क्रूचं वाटोळं होतं, त्यापेक्षा एकच चांगला ड्रायव्हर घ्या आणि पातं दगडावर घासून मापाला आणा.

पाणी ओसरल्यावर सातपूरला लेथ चालवणाऱ्या मित्राकडे गेलो, त्याने त्याच आट्याचे दोन स्क्रू करून दिले, पैसे घेतले नाहीत, पण त्याच्या सासऱ्यांचं कोयलवालं घड्याळ बघायचं कबूल करून आलोय. शाफ्ट आणि हब आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) तीनदा पुसलं, कापडावर काही येईना तोवर. मार्करची रेघही त्यात गेली, ती परत मारली. आज पाचवा दिवस, रेघ एकसंध आहे. मी तिच्याकडे दिवसातून चार वेळा टॉर्च मारून बघतो, बायकोने बोलणं सोडून दिलंय.

आवाजाचं थोडक्यात. हातोड्यांचं चामडं वाळून लाकूड झालं होतं, त्यामुळे सूर पत्र्यासारखा. शेजारच्या काकांनी विचारलं, "घरात नारोशंकराची घंटा बसवलीस काय?" दिवसाला ९६० सूर आणि १५६ टोले, त्यांचंही चूक नाही. आईच्या जुन्या पेटीच्या भात्याचं मऊ चामडं उरलं होतं, त्याच्या चकत्या कापून चिकटवल्या, आणि हातोडी सूर देणाऱ्या दांडीपासून दोनेक मिलिमीटरवर थांबेल अशी तार हलकेच वाकवली. आता सूर गोल येतो. चिकटून राहिली तर गुणगुणते, फार लांब ठेवली तर मरतो, तेवढंच सांभाळा.

पुढचा बेत बुशिंगचा होता, टोल्यांच्या बाजूचं. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की दांड्यांचा ओतीव ठोकळा मागच्या फळीवर बसतो आणि आमची फळी प्लायची आहे, कधीतरी कोणीतरी बदललेली. गावातला एक वाडा पाडला तेव्हा वखारीतून सागाची एक फळी आणून ठेवलीय, ती लावली तर? बुशिंग थांबू दे. रविवारी फळी रंधून बसवतो, स्क्रू नीट आवळले तर आवाजात फरक पडायला हवा. कोणी केलं असेल तर फळीची जाडी सांगा, माझी पाऊण इंच आहे.

आत्ता पावणेअकरा वाजले. ग सा रे प, प रे ग सा, ग रे सा प. आई आतून काहीच बोलली नाही.