तुम्ही विचारलंत म्हणून: दलालाशिवाय घर विकताना भाव कसा पटवला?

लातूरचं आमचं घर आम्ही मधे दलाल न घालता विकलं, हे कळल्यापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: "भाव कसा पटवला? लोक पाडून मागत नाहीत का?" मागतात की! घेणारा पाडूनच मागणार, त्याचा राग धरायचा नाही.

लोक फाटकातूनच विचारतात, "शेवटचं सांगा." घर अजून बघितलेलं नसतं. "काय सांगायलाव ताई, ह्या भावात नवीन बांधून होतंय!" मी म्हणायचे, आधी घर बघा, मग तुमचा आकडा बोला. आम्ही ५२ लाख सांगितले की समोरून ४२ यायचे, आणि सोबत आलेला मामा लगेच, "जाऊ द्या, मधलं धरा, ४७." हा मामा प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर असतो. मधलं धरलं तर ज्यानं जास्त पाडून मागितलं त्याचंच फावतं. म्हणून मी आधी ५० हजार सोडायचे, मग २५, आणि दर वेळी बदल्यात काहीतरी मागायचे: इसार, म्हणजे सौदा ठरताना द्यायची आगाऊ रक्कम, वाढवा, नाहीतर खरेदीची तारीख अलीकडे घ्या. "दलाली वाचली ना तुमची, तेवढी तरी सोडा," हेही ऐकलं. वाचली, पण तुमचीही वाचलीच की.

लातूरला प्रश्न ठरलेले. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हापासून "कॉलमचं आहे का?" हे आधी. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव, त्यामुळं दुसरा प्रश्न बोअरचा. आम्ही घर मुद्दाम मे महिन्यात दाखवायला काढलं. मोटार चालू करायची आणि गिऱ्हाइकाला गच्चीवर न्यायचं. टाकीत पडणाऱ्या धारेखाली हात धरल्याशिवाय कुणी खाली उतरलं नाही. मेमधलं पाणी बघितलेल्या माणसाला भाव पाडायला मग फारसं तोंड राहत नाही. शिवाय मुलांच्या 'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी नांदेड-परभणीकडून येणारे पालक जूनच्या आत घर शोधत असतात. घाई त्यांना असते, आपण दाखवायची नाही.

आकड्यापेक्षा मी पैसा कसा येणार ते जास्त बघितलं. सगळ्यात मोठा आकडा बोलणाऱ्यानं निम्मे नगदी देतो, खरेदीखत कमी किमतीचं करू, असं सुचवलं. त्याला सरळ नाही म्हटलं. घर-जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे, आणि घेतले तर दंड तेवढ्याच रकमेचा. तो दंड रोख घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्या आपल्यावर. बरं, मुद्रांक शुल्क तरी वाचतं का? खरेदीखतातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे येणारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावरच ते लागतं.

कर्ज काढणाऱ्याला मी एकच विचारायचे: "वरचे कुठून आणणार?" ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही. म्हणजे ४९ लाखांच्या घराला जवळपास १० लाख स्वतःचे, मुद्रांक-नोंदणीचा खर्च वेगळा. यावर बरेच जण "बघू, होईल काहीतरी" म्हणायचे. परभणीकडच्या एका जोडप्यानं दुसऱ्यापेक्षा लाखभर कमी सांगितले, पण बँकेचं मंजुरीपत्र आणि स्वतःच्या ठेवीची पावती समोर ठेवली. घर त्यांना दिलं. इसार बँकेतून घेतला. मुदतीत खरेदी झाली नाही तर इसाराचं काय, हे इसारपावतीत लिहून घेतलं. नात्यातला माणूस असता तरी हे लिहिलंच असतं, जरा जास्तच नीट.

खरेदीच्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात त्यांचा मामा म्हणालाच, "रंगाला तेवढे २५ हजार सोडा की ताई." हॉलमधला कूलर मी आतापर्यंत बोलण्यात येऊच दिला नव्हता. तो स्टँडसकट देऊन टाकला. २५ हजार सोडले नाहीत.