मोसंबी मोसंबी संत्रा

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारातून मी सहा जुन्या लाकडी पेट्या आणल्या, तेव्हा पोरांना वाटलं आज संत्री वाटणार. रिकाम्या निघाल्यावर एक जण म्हणाला, "मॅडम, ह्या तं पेट्याच आहेत ना! आता वाजवायचं काय?"

"ह्याच."

इंदोऱ्याजवळच्या एका समाजमंदिरात शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचा पाऊण तास माझा. मी मूळची तबल्याची, जेंबे नंतर शिकले. जेंबे पश्चिम आफ्रिकेतला, गिनी-मालीकडचा. अख्ख्या ओंडक्यातून कोरलेला, वर बकरीचं कातडं, दोऱ्यांनी ताणलेलं. मधोमध तळवा टाकला की 'धुम', काठावर बोटं जुळवून मारली की 'ता', तीच बोटं सैल सोडली की 'टक'. हे तीन बोल मुलांच्या हाताला लगेच बसले. पण जेंबे माझ्याकडे दोनच, आणि मुलं २२. दोघं वाजवणार, बाकीची पाळीची वाट बघणार. त्यात पावसाळ्यात कातडं असं सैल पडतं की अर्धा वेळ दोऱ्या ओढण्यातच जातो.

म्हणून काहोन. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थच पेटी. पेरूच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाच्या पेट्यांवर ताल धरला, त्यातून हे वाद्य घडलं. २००१ साली पेरूने त्याला राष्ट्रीय वारसा म्हणून मान दिला. हे मी मुलांना सगळं सांगितलं, गुलामगिरीसकट. 'जगभरचे ताल' म्हणून रंगीत कपडे घालून तासभर धांगडधिंगा करायचा आणि वाद्य कुणाच्या हातून आलं ते सांगायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. लहान आहेत, कळणार नाही, असं म्हणतात. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मंग त्यांचे स्वतःचे ढोल कुठं राहिले?" वर्ग गप्प झाला. मी म्हटलं, "घरी राहिले, बेटा. हातातला ताल तेवढा बरोबर आला."

काहोनवर बसून त्याची समोरची बाजू वाजवतात. संत्र्याच्या पेटीवर मात्र थेट बसता येत नाही, फळ्या पातळ आणि त्यांत फटी. वस्तीतल्या सुतारदादांनी आतून कोपऱ्यांना पट्ट्या ठोकल्या, वर जाड फळी बसवली, समोर पातळ प्लायवूड आणि मागे आवाज बाहेर पडायला गोल भोक. पहिल्या पेटीचं प्लायवूड एका कोपऱ्याला सुटून खरखरायचं. ते खिळा ठोकायला निघाले, मी थांबवलं. स्पेनमधलं फ्लेमेंको संगीत वाजवणारे लोक अशाच खरखरीसाठी काहोनच्या आत मुद्दाम तारा लावतात. आता सगळ्यांना तीच पेटी हवी असते.

मग ताल. आपला केरवा आठ मात्रांचा: धागे नाती नक धिन. त्याच आठ मात्रा क्यूबाच्या संगीतात तीन-तीन-दोन अशा तुटतात. आकड्यांत सांगून पाहिलं, पोरं गोंधळली. मग म्हटलं, बोला, "मोसंबी मोसंबी संत्रा", आणि प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर हात मारा. अर्ध्या वर्गाने केरवा धरला, अर्ध्याने मोसंबी. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला दोन्ही ताल एकमेकांत असे बसले की माझ्या अंगावर काटा आला. खिडकीत बाया येऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या शुक्रवारी एक मुलगा आजोबांची खंजेरी घेऊन आला, मागोमाग आजोबाही. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्या विदर्भात खंजेरी घरोघरी. मी फोनवर ब्राझीलचा पांदेरो दाखवला: तसंच गोल कडं, तसंच कातडं, तशाच झांजा. त्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. म्हणाले, "हा आंगठ्यानं वाजवून राहिला. आमी बोटानं वाजवतो." मग खंजेरी उचलून आंगठ्याने करून पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा आपल्या पद्धतीने सुरू झाले. मुलांनी न सांगता खाली मोसंबी धरली. मी म्हटलं, "काकाजी, दर शुक्रवारी या." तेव्हापासून येतात.

सहा पेट्या आता पुरत नाहीत. बाजारात प्लास्टिकचे क्रेट वाढलेत, लाकडी पेटी शोधावी लागते. आंबिया बहराची संत्री यायला लागली की मी पुन्हा कळमन्याला जाणार आहे. या खेपेला ती सातवीतली मुलगीही येतेय; पेटी ठोकून, आवाज ऐकून निवडायची, असं तिने मला बजावलंय.