दारांची वही: परवीन मिस्त्री, दुसरं वाचन

मंडळी, मागच्या नोंदीला दोन महिने होऊन गेले. तेव्हा परवीन मिस्त्रीच्या रहस्यकथांमधल्या पहिल्या पुस्तकाच्या मध्यावर अडकले होते. आता तिसरं संपलंय आणि काल रात्री चौथ्याची साठ पानं झाली. पहिली तिन्ही दुसऱ्यांदा वाचली, चौथं मात्र पहिल्यांदाच हातात घेतलंय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: सुजाता मॅसी यांची ही मालिका १९२१च्या मुंबईत सुरू होते. परवीन मिस्त्री ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली, वडिलांच्या फोर्टातल्या कचेरीत काम करणारी, शहरातली एकमेव बाई वकील. पहिलं पुस्तक २०१८ साली आलं आणि त्याला ऐतिहासिक कादंबरीचा अगाथा हा रहस्यकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. गोष्टीतल्या खुनांचा उलगडा मी इथे कुठेही फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

या खेपेला जवळ पेन्सिल, फोर्टचा जुना नकाशा आणि दोनशेपानी वही घेऊन बसले. वहीत सुरुवातीला नेहमीचेच रकाने आखले होते: संशयित, हेतू, कोण कुठे होतं. शंभरेक पानांनंतर ते सगळे खोडले आणि त्या जागी तीनच ठेवले. दार कुठलं? उघडलं कोणी? तिथे पुरुष असता तर काय कळलं नसतं? तेव्हापासून वही भराभर भरतेय, आणि पुस्तकंही वेगळीच दिसायला लागली आहेत.

पहिल्या पुस्तकातलंच प्रकरण बघा. ओमर फरीद हा गिरणीमालक वारलाय. त्याच्या तिघी विधवा, रझिया, सकीना आणि मुमताज, मलबार हिलच्या बंगल्यात पडद्यात राहतात. तिघींनी आपला मेहर वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, देऊन टाकल्याचा कागद मिस्त्रींच्या कचेरीत येतो. मेहर म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, तिचा स्वतःचा हक्क, तो तिघींनी एकदम सोडावा हे परवीनला खटकतं. त्यात एकीने सही म्हणून नुसती फुली मारलेली. जिला सही करता येत नाही तिला कागद कोणी वाचून दाखवला असेल, आणि नेमकं काय सांगून? पुढची सगळी गुंतागुंत या फुलीपासून सुरू होते. बंगल्यात खून झाल्यावर पोलीस दिवाणखान्यापर्यंत येतात, पण जनान्यात, बायकांच्या भागात, त्यांना पाऊल टाकता येत नाही. जाळीपलीकडे जाऊन बायकांसमोर बसून बोलणारी एकटी परवीन.

या फुलीपाशी मी दोन दिवस थांबले. आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत पणजीच्या नावाचा जमिनीचा एक कागद आहे. खाली मोडीसारख्या घाईच्या अक्षरात तिचं नाव, पण ते लिहिलेलं दुसऱ्याच कोणीतरी. शेजारी शाईचं छोटंसं वेडंवाकडं वर्तुळ आणि ‘निशाणी बांगडी’ एवढेच शब्द, म्हणजे सहीऐवजी उमटवलेली बांगडीची खूण. लहानपणी मला ते वर्तुळ म्हणजे शाईचा डाग वाटायचा. परवा कागद पुन्हा काढून उजेडात धरला. वर्तुळ जिथे पूर्ण व्हायला हवं तिथे रेघ एकावर एक आली आहे, म्हणजे टाक तिथे जरा थबकलाय. तिला त्या कागदातलं काय सांगितलं होतं, हे विचारायला आता घरात कोणी नाही. सकीना-मुमताजच्या नोंदींशेजारी मी पणजीचंही नाव लिहिलं. वहीच्या नियमात बसत नाही, पण लिहिलं.

आता या नोंदीतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा शोध. मी आजवर परवीनकडे गुन्हे सोडवण्याची आवड असलेली वकील म्हणून बघत होते. तारखा लावल्यावर ते उलटं दिसलं. १९२१च्या मुंबईत ती पक्षकारांना भेटू शकते, करार करू शकते, वडिलांचा खटला तयार करू शकते, पण कोर्टात उभी राहून बोलू शकत नाही. बायकांना वकिलीचा दरवाजा उघडणारा कायदा आला १९२३ साली. तिच्या हातात साक्षीदाराची उलटतपासणी नाही, न्यायाधीशासमोर युक्तिवाद नाही. म्हणून सत्य काय ते तिला कोर्टाच्या आधी आणि कोर्टाच्या बाहेरच शोधून काढावं लागतं. तिचा तपास या अडवणुकीतून जन्मलाय. हे समजल्यावर पहिल्या वाचनात संथ वाटलेले कागदपत्रांचे प्रसंग मी श्वास रोखून वाचले.

परवीनच्या मागे खऱ्या दोघीजणी उभ्या आहेत. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या, जन्म १८६६चा. शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण बायकांना पदवी द्यायची नाही असा तेव्हा तिथला नियम, त्यामुळे पदवी हातात पडायला पुढे तीस वर्षं गेली. १९०४पासून बंगालात कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि विधवांच्या मालमत्तेवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, वतीने त्या पडदानशीन बायकांची बाजू सांभाळत होत्या. दुसऱ्या मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम. १९१९ साली आई हेराबाईंबरोबर त्या लंडनला गेल्या, भारतीय बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून साक्ष द्यायला. तिथेच राहून बॅरिस्टर झाल्या आणि १९२३मध्ये परतून मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. मॅसींची परवीन या दोघींच्या मधल्या फटीत बसते, आणि ती जागा लेखिकेने फार विचारपूर्वक निवडली आहे असं मला ठामपणे वाटतं.

परवीनच्या स्वतःच्या आयुष्यातलं बंद दार कलकत्त्याचं. सासरी पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत वेगळं ठेवतात. ती पानं मला दुसऱ्यांदाही सलग वाचवली नाहीत. नवऱ्यापासून ती कायद्याने विभक्त होते, घटस्फोट मात्र मिळत नाही. १८६५च्या पारशी विवाह कायद्यात नवऱ्याचं वेश्येकडे जाणं घटस्फोटाला पुरेसं कारण धरत नसत. हे कलम माहीत करून घेऊन वाचा, तिच्या वडिलांची हतबलता जास्त कळते.

दुसऱ्या पुस्तकाबद्दल फार नाही लिहीत. सह्याद्रीतलं सातापूर हे काल्पनिक संस्थान, राजा आणि थोरला मुलगा गेलेले, धाकट्याच्या शिक्षणावरून आजी आणि आईत वाद. दोघी राण्या पडद्यात, म्हणून कोल्हापूर एजन्सीला, म्हणजे तिथल्या संस्थानांवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटिश कचेरीला, बाई वकील लागते. रहस्य मला मधे सैल वाटलं, पण पावसाळी रानातून पालखीतून जाण्याचं वर्णन सुरेख आहे.

तिसऱ्यासाठी मात्र एक अख्खा रविवार फोर्टात घालवला. मिस्त्रींची कचेरी ब्रूस स्ट्रीटवर, म्हणजे आजचा होमी मोदी स्ट्रीट. सकाळी आठला तिथे शुकशुकाट होता. तिथून अपोलो बंदरापर्यंत चालत गेले. १७ नोव्हेंबर १९२१ला प्रिन्स ऑफ वेल्स, इंग्लंडचा युवराज, इथे उतरला तेव्हा गेटवेचं काम चालूच होतं, ते पुरं झालं १९२४ साली. त्याच दिवशी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली, आणि मग शहरात दंगल उसळली. स्वागताला गेलेल्या पारशांवर, युरोपियनांवर हल्ले झाले. गांधीजींनी शांततेसाठी उपोषण केलं. पुस्तकात नेमकी याच वेळी फ्रेनी ही पारशी विद्यार्थिनी कॉलेजच्या गॅलरीतून पडून मरते. बंदरापासून कचेरीपर्यंतचं अंतर पायाने मोजल्यावर मला पहिल्यांदा कळलं, दंगलीत ते किती लांब झालं असेल. वहीत त्या दिवसासमोर एकही दार नाही, नुसते रस्ते.

चौथ्यात बायकांसाठीच्या इस्पितळाचा निधी गोळा करायला बंगल्यावर मेजवानी चालू आहे. एका लहान मुलाच्या कपड्यांना आग लागते, आणि सुनंदा नावाची आया स्वतः भाजून घेऊन त्याला वाचवते. पुढे तीच सुनंदा पोलीस कोठडीत. तिच्या नोंदीत ‘दार’ या रकान्यात मी ‘कोठडी’ लिहिलंय, ‘उघडलं कोणी’ अजून कोरं आहे. ज्यांचं वाचून झालंय त्यांनी कृपया इतक्यात काही सांगू नका. रोजची वीस पानं ठरवली आहेत.