तुम्ही विचारलंत म्हणून : हे सगळे चेक एकाच घरचे का?

बँकेतला चेक, चेक्सचा शर्ट आणि ‘जरा चेक करून सांगा’ मधला चेक हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत की नुसते उच्चारसाम्य, असा प्रश्न इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांना हमखास विचारला जातो. हे सारे एकाच घरचे आहेत आणि ते घर बुद्धिबळाच्या पटावरचे आहे, हे त्याचे उत्तर.

भारतातला चतुरंग इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात. प्रतिपक्षाच्या राजावर रोख धरताना फारसी बोलणारा खेळाडू ‘शाह’ असे बजावत असे. आपण मराठीत ‘शह दिला’ म्हणतो तो हाच. मध्ययुगीन लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीने त्याचा आरंभीचा स्वर गाळून ‘चेक’ केला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून ‘चेस’ आला, म्हणजे इंग्रजीत खेळाचे नावच मुळात ‘शह’ असे आहे. शाह हा शब्द ‘राज्य करणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूतून निघाला, त्याच्याच गोत्रातले संस्कृत ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ आहेत. ‘चेकमेट’मधला ‘मेट’ म्हणजे आपली ‘मात’. तिचा अर्थ अरबीच्या आधारे ‘मेला’ असा सर्रास सांगितला जातो, परंतु फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, आणि हाच अर्थ मला अधिक पटतो, कारण बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही, तो फक्त कोंडला जातो.

शह बसला की मनातली चाल बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. त्यामुळे इंग्रजीत ‘चेक’ला अडवणूक आणि अंकुश हे अर्थ सहज चिकटले. अंकुश ठेवायचा तर पडताळणी करावी लागते, म्हणून पुढे सतराव्या शतकापर्यंत ‘तपासणे’ हाही अर्थ रुळला. आपल्या चेकनाक्यावर गाडी आधी अडवतात आणि मग तपासतात, तेव्हा हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे असतात.

पैशाचा संबंध मात्र इंग्लंडच्या राजाच्या जमाखर्चातून आला, आणि या शब्दाच्या प्रवासातला मला सर्वांत रंजक वाटणारा टप्पा तोच. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. यातला ‘एक्स्चेकर’ म्हणजे शब्दशः बुद्धिबळाचा पट. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या खात्याच्या कारभारावर लॅटिनमध्ये एक संवादग्रंथ लिहिला. त्यात सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद अशा मेजाचे वर्णन आहे. मेजावरचे काळे कापड दरवर्षी ईस्टरच्या सत्रासाठी नवे घेतले जाई आणि त्यावर रेघा आखून रकाने पाडलेले असत : पेनी, शिलिंग, पौंड, विसा (म्हणजे वीस पौंड), शेकडा, हजार. परगण्याचा शेरीफ वसुली घेऊन आला की त्याचे देणे वरच्या ओळीत नाणी मांडून दाखवत, त्याने भरलेली रक्कम खालच्या ओळीत मांडत आणि वजाबाकी सर्वांसमक्ष होई. रोमन अंकांत कागदावर आकडेमोड करणे किती जिकिरीचे असते हे ज्याने करून पाहिले आहे, त्याला या मेजाची सोय वेगळी सांगायला नको. फिट्झनील पुढे म्हणतो की पटावर जशी राजांची लढाई होते तशी येथे मुख्यतः खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. करवसुलीचे इतके प्रांजळ वर्णन सरकारी माणसाने पुढे क्वचितच केले असेल. (एक्स्चेकरमधला ‘एक्स’ मात्र उपरा आहे, जुन्या फ्रेंचमधल्या ‘एस्’ला लॅटिन उपसर्ग समजून तो नंतर लावला गेला.)

बँकेतला चेक यानंतरचा, अठराव्या शतकातला. तेव्हा ‘चेक’ म्हणजे रक्कम देण्याचा कागद नव्हे, तर पुस्तकात मागे राहणारा काउंटरफॉइल. फाडून दिलेला कागद खरा की खोटा हे त्याच्याशी ताडून पाहता येई आणि लबाडीला शह बसे. कालांतराने मागे राहणाऱ्या तुकड्याचे नाव पुढे जाणाऱ्या कागदाला मिळाले. मराठी ‘धनादेश’ त्या कागदाचे काम नेमके सांगतो. इंग्रजी नावात मात्र फसवणुकीची धास्ती तेवढी उरली आहे. ब्रिटिशांनी पुढे याचे स्पेलिंग एक्स्चेकरच्या धर्तीवर ‘cheque’ असे सजवले. आपल्याकडच्या १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमातही, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यातही तेच आहे, तर अमेरिकेने साधे ‘check’ ठेवले. अमेरिकन माणूस हॉटेलात जेवणाच्या बिलालाही ‘चेक’ म्हणतो.

शर्टाचे काय ते थोडक्यात : पटासारख्या चौकटी असलेले कापड ते ‘चेकर्ड’, त्याचेच आखूड रूप ‘चेक’.

राहता राहिला झेक देश, ज्याचे नाव इंग्रजीत ‘चेक’ असेच उच्चारतात आणि ज्याविषयी कोणीतरी विचारतेच. त्याचा यातल्या कशाशीही संबंध नाही. ते तेथील स्लाव लोकांचे स्वतःचे नाव आहे आणि इंग्रजीतले त्याचे चमत्कारिक स्पेलिंग पोलिश वळणाचे आहे.