चहाच्या रंगाचं पाणी

बाणेरच्या एका मोठ्या सोसायटीत पार्किंगवरचं पावसाचं पाणी आधी वाळू, माती आणि कंपोस्ट भरलेल्या लांबट वाफ्यात मुरतं आणि मग नाल्यातून राम नदीकडे जातं. झिजलेल्या ब्रेकमधून तांबं येतं, टायरमधून जस्त. ते वाफ्यातच अडकावं म्हणून हा खटाटोप. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीला मी आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घेतले. जस्त चांगलं कमी झालं होतं. विरघळलेलं तांबं मात्र बाहेर जवळजवळ दीडपट!

साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाटल्या नीट धुतल्या होत्या ना?"

रात्रभर नायट्रिक ॲसिडमध्ये भिजवल्या होत्या. सोबत नेलेला ब्लँक, म्हणजे शुद्ध पाण्याचा नमुनाही कोरा आला होता. गाळणंसुद्धा मी जागेवरच उरकते, छत्री मानेत धरून. कारण आमच्याकडे एकदा एका नव्या मुलाने नमुना टिकवण्यासाठीचं ॲसिड आधी घातलं आणि मग गाळलं. मातीच्या कणांना चिकटलेला धातू ॲसिडने सुटला आणि आकडे पार बिघडले. त्यामुळे ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर आधी, ॲसिड नंतर. त्या दिवशी बाहेरचं पाणी गाळताना फिल्टर सारखे तुंबत होते, सिरिंज दाबून अंगठा सुजला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

उत्तर मिळालं ते मशीनकडून नाही, बाटलीकडून. ॲसिड घातलेल्या चहाच्या रंगाच्या पाण्यात दुसऱ्या दिवशी तळाशी तपकिरी भुगा बसला होता. ह्युमिक आम्ल, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा तपकिरी अंश! पीएच २ च्या खाली ते पाण्यात विरघळलेलं राहत नाही.

तांब्याला सेंद्रिय पदार्थाची भारी ओढ. तो पदार्थ मातीत घट्ट बसलेला असेल तर तांबं तिथेच थांबतं. तोच पाण्यात उतरला की त्याला धरून तांबंही निघतं, आणि फिल्टरमधून आरपार जातं. जस्ताची ही ओढ कमी, त्याचं बरंचसं पीएचवर ठरतं. त्यात महिनोन्महिने सुकलेली माती एकदम भिजली, की सगळ्यात जास्त पदार्थ पहिल्याच पाण्यात सुटतो.

माळीकाकांना गाठलं. "मे महिन्यात दोन ट्रॉली शेणखत टाकलं, ताई. कमिटीला हिरवंगार पाहिजे." वाफ्याचं डिझाइन करणाऱ्यांना हे कुणी कळवलंच नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं म्हणा. "पहिलं पाणी असंच येतं. श्रावणात बघा, नितळ."

श्रावणात पुन्हा गेले. पाणी खरंच नितळ, तांबंही आत येणाऱ्यापेक्षा कमी.

अहवालात काय लिहायचं, इथे गाडी अडली. सेंद्रिय पदार्थाला बांधलेलं तांबं माशांना सुट्या तांब्याइतकं बाधत नाही. तक्त्यात मात्र दोन्हींना मिळून एकच रकाना. मी खाली एक परिच्छेद जोडला, तो "क्लायंट गोंधळेल" म्हणून काढून टाकला गेला. गोंधळलेला क्लायंट परवडला असता, असं मला अजून वाटतं.

काकांना मी सांगितलं, खत चांगलं कुजलेलं घ्या, थोडंच घाला आणि पाऊस संपल्यावर घाला.

"दसऱ्याला घातलेलं मेपर्यंत पुरतंय होय?" ते म्हणाले.

वाफा बांधताना पहिल्याच दिवशी भरलेल्या कंपोस्टबद्दल तर मी त्यांच्याशी अजून बोललेलेच नाही.