मुखपृष्ठावर सहा नावं

बुधवार, रात्री

मुलांच्या ग्रुप प्रोजेक्टच्या रिपोर्टच्या मुखपृष्ठावर सहा नावं आहेत. कुणी कधी काय लिहिलं ते दाखवणारी गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्ट्री उघडली, तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच मुलीचं नाव, एकच रंग. शेवटची नोंद पहाटे दोन चाळीसची. संध्याकाळपासून ते डोक्यातून जात नाही.

विषय अवघड नव्हता. नागपूरच्या सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रो बदलून कॉलेजला येणारे विद्यार्थी. ऑरेंज आणि ॲक्वा लाइन तिथे भेटतात. सकाळी दोन तास उभं राहिलं तरी हवी तेवढी माणसं भेटतात. उभं कुणी राहिलेलं दिसत नाही. फॉर्मची लिंक घरच्या ग्रुपांवर फिरली आणि उत्तरं पुण्याच्या मावशीकडूनही आली. ‘मेट्रोने आठवड्यातून किती वेळा येता?’ याला ‘कधीच नाही’ म्हणणारेही टक्केवारीत धरलेत. पाय चार्ट काढलाय सुरेख.

एवढा जीव ओतून नमुना निवड शिकवायची आणि हाती हे यावं. कशासाठी करतो आपण, असं वाटून गेलं. असो.

तो एकच रंग. तोही पुरतं खरं सांगत नाही, हे जास्त छळतंय. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर परिच्छेद टाकला असेल, कुणी व्हॉइस नोट, कुणी वहीच्या पानाचा फोटो; तिने ते सगळं डॉक्समध्ये चिकटवलं की हिस्ट्री तिच्याच नावावर धरते. म्हणजे ती एकटी राबली की पाचांची टायपिस्ट झाली, कळायला मार्ग नाही. “तुझं टायपिंग फास्ट आहे न, तूच करून टाक” हे दर बॅचला कुठल्या तरी मुलीच्या वाट्याला येतंच.

मुलं आळशी आहेत म्हणून हात झटकणं मला पटत नाही. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोरी ओढायचे प्रयोग १९१३ साली छापून आले: आठ जण मिळून ओढू लागले की माणशी जोर एकट्याच्या निम्म्यावर येतो. थोडा जोर ताळमेळ नसल्याने वाया जातो, थोडा माणूस लावतच नाही. पुढे लातने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ मध्ये टाळ्या आणि ओरडण्यावर तेच तपासलं. आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं वाटलं की ही ढिलाई जवळपास जाते, हेही त्यांनी नंतर दाखवलं. सहा जणांच्या ग्रुपवर कुणाचा आवाज वेगळा मोजतो आपण? सहाही जणांना मार्क सारखेच.

आणि व्हॉट्सअ‍ॅप मुलं सोडणार नाहीत, सोडूही नये. काटोल-उमरेडहून येणाऱ्याला एसटी गाठायची असते. त्याची बैठक त्या ग्रुपवरच होणार. घोळ होतो तो अंगठ्याने. अंगठा ‘वाचलं’ म्हणतो, ‘मी करतो’ म्हणत नाही. वर दोनशे मेसेज चढले की कुणी काय कबूल केलं होतं ते सापडतही नाही.

पुढच्या सत्रात तिघांचाच गट. डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर तक्ता: काम, नाव, तारीख. गप्पा ग्रुपवर, पण ज्याचा भाग त्याने आपल्याच लॉगिनवरून लिहायचा, मोबाइलवरून का होईना. फॉर्मला दोन रकाने जास्त: कुठे भरून घेतला, कुणी. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावरचा प्रश्न. एवढं करूनही एखादा निसटेल. निसटू दे, पहाटे दोन चाळीसला कुणी एकटं बसलेलं नसलं म्हणजे झालं.

उद्या सहाही जणांना एकत्र बोलावलं तर तीच आधी म्हणेल, “सगळ्यांनी मिळून केलं, मॅम.” त्यापेक्षा बाकीच्या पाचांना एकेक करून, मेथडॉलॉजीचं पान समोर ठेवून. तिला सगळ्यांत शेवटी.